फंक्शनमधला ‘मी’

३ मार्च, सोमवार

आज धाकटे आमच्या केंद्रात कामाला लागले.

सासऱ्यांना दोन मुली, म्हणून जावई दोन. मी थोरला, मेहुणीचे यजमान धाकटे. साडू हे नातं असं आहे की भांडायला कारण लागत नाही आणि प्रेमाला निमित्त सापडत नाही. आजवर सासुरवाडीच्या बैठकीत समोरासमोर बसून पेपर वाचण्यापुरता आमचा संबंध होता. आता रोज शेजारची खुर्ची.

त्यांची कंपनी बंद पडली. संचालकबाईंनी जाहिरात दिली होती, त्यांनी अर्ज केला, त्यांना घेतलं. मला कुणी सांगितलं नाही. जाहिरात हिनेच त्यांना पाठवली होती, हे आज जेवताना कळलं.

“मला आधी सांगायला काय झालं होतं?”

“सांगितलं असतं तर तुम्ही चार दिवस नीट जेवला नसता,” ही म्हणाली. “आता निदान कालपर्यंतचं जेवण तरी अंगी लागलं.”

आमचं केंद्र अंधांसाठी पुस्तकं रेकॉर्ड करतं. पुढच्या काचेच्या खोलीत वाचणारे येऊन एकेक प्रकरण वाचतात. मागच्या खोलीत, जिची खिडकी सायकली लावायच्या जागेवर उघडते, तिथे मी. प्रकरणं साफ करायची, जोडून त्यांचं एक पुस्तक करायचं, पेनड्राइव्हवर उतरवायचं आणि टपालाला द्यायचं. यासाठी मी शेल स्क्रिप्ट लिहितो, म्हणजे यंत्राने एकामागून एक काय काय करायचं ते त्याला लिहून देतो. कुणी शिकवलं नाही. गावच्या शाळेत इंग्रजी उशिरा आलं, संगणक आलाच नाही. पुस्तकातून बघून बघून शिकलो.

सकाळी बाईंनी दोघांना बोलावलं. म्हणाल्या, “मशीन विभागाची जागा एप्रिलपासून कायम होतेय. जागा एकच आहे. महिनाभर दोघं मिळून काम करा, मग मी ठरवते.”

मी दर वर्षी करार पुढे ढकलत इथवर आलो. कायम हा शब्द ऐकायला कान आसुसले होते. तो ऐकला, आणि त्याच वाक्यात धाकटे निघाले.

देवापुढे बसलो. दुसऱ्याचं वाईट मागू नये, म्हणून स्वतःचं चांगलं मागितलं. या वेळी दोन्ही एकच आहे, हे देवाच्या लक्षात आलं असेलच.

५ मार्च, बुधवार

धाकट्यांनी माझ्या स्क्रिप्ट उघडल्या. मी चहाचा कप घेऊन खिडकीत उभा राहिलो, जणू मला बाहेरच्या सायकली मोजायच्या आहेत.

“दादा, हे एम-आय काय आहे? सगळीकडे दिसतंय.”

मला ठाऊक होतं, हा प्रश्न येणार. लूप म्हणजे फेरा. एकच काम यंत्राकडून पुन्हा पुन्हा करून घ्यायचं, आणि कितवा फेरा चालू आहे ते एका व्हेरिएबलमध्ये, म्हणजे नाव चिकटवलेल्या डबीत, ठेवायचं. जगभर लोक त्या डबीला ‘आय’ हे एक अक्षर देतात. मी पहिल्यांदा पुस्तकात ते पाहिलं तेव्हा मला आमचे इंग्रजीचे गुरुजी आठवले. “आय म्हणजे मी!” असं म्हणून ते फळ्यावर खडू आपटायचे. मला वाटलं, यंत्र स्वतःबद्दल बोलतंय. मी पहिला, मी दुसरा, मी तिसरा. मग आपल्या भाषेत का नको? मी एम-आय लिहिलं. वाचायचं ‘मी’. खरी गोष्ट पुढे कळली, पण तोवर सगळ्या स्क्रिप्टमध्ये मीच मी झालो होतो.

हे मी त्यांना सांगितलं. हसतील म्हणून तयारीत होतो. ते हसले, पण मान खाली घालून, आणि म्हणाले, “हे भारी आहे, दादा.”

भारी म्हणजे नेमकं काय, हे मी दिवसभर घोळवत बसलो. हल्लीची माणसं हास्यास्पद गोष्टीलाही भारी म्हणतात.

११ मार्च, मंगळवार

काचेच्या खोलीतला आवाज घुमायचा. धाकट्यांनी पडद्यामागे जुन्या गाद्या लावल्या, घुमणं थांबलं. बाई म्हणाल्या, “इतकी वर्षं हे कुणाला कसं सुचलं नाही?”

मला सुचलं होतं. गाद्या मागायचा संकोच वाटला होता. आता हे सांगून उपयोग नाही.

१४ मार्च, शुक्रवार

रात्रीच्या जेवणाला धाकटे आणि मेहुणी आले होते. हिने पहिलं ताट त्यांना वाढलं. पाहुण्यांना आधी वाढतात, मला कळतं. तरी वाटीत कोणाला किती पडलं ते माझ्या नजरेतून सुटलं नाही. या वयात माणूस वाट्या बघायला लागला तर त्याच्या नामस्मरणाला काय अर्थ उरला?

जेवण झाल्यावर त्यांनी हिला आणि मेहुणीला फंक्शन म्हणजे काय ते समजावलं. माझी बायको आणि शेल स्क्रिप्ट! मी वीस वर्षांत तिला पासवर्ड बदलायलाही शिकवलं नाही.

“ताई, तुम्ही रोज कणीक मळता. दर वेळी कुणी तुम्हाला पीठ घ्या, पाणी घाला, असं सांगतं का? नुसतं म्हणतात, कणीक मळा. फंक्शन म्हणजे तेच. कामाला एकदा नाव द्यायचं. मग नाव घेतलं की काम होतं.”

“इतकं सोपं?” ही म्हणाली. “मग हे का कपाळाला आठ्या घालून बसतात?”

मेहुणी खदखदून हसली. धाकटे मात्र म्हणाले, “ताई, दादांनी जे एकट्याने उभं केलंय ना, ते मला जमलं नसतं.”

कौतुक करताना लोक असं कधी बोलतात, मला माहीत आहे. माणूस निवृत्त होत असतो तेव्हा.

नाव घेतलं की काम होतं, हे मी देवाच्या बाबतीत आजवर मानत आलो. फंक्शनच्या बाबतीत ते खरंच होतं, याचं वाईट वाटलं. प्रकरणं जोडायच्या त्याच त्याच ओळी मी सात ठिकाणी चिकटवून ठेवल्या आहेत. धाकटे त्या काढून त्यांचं एकच फंक्शन करणार आहेत. माझ्या सात जागा, त्यांचं एक नाव.

१८ मार्च, मंगळवार

फंक्शन तयार झालं. बाहेरचा मोठा लूप माझाच ठेवलाय. तो मागण्यांच्या यादीतली एकेक ओळ घेतो, म्हणजे एकेक वाचक आणि त्याने मागितलेलं पुस्तक, आणि ते पुस्तक जोडायला धाकट्यांच्या फंक्शनला हाक मारतो.

“दादा, एकदा नजर घाला. गुरुवारी मी नाही, हिला दवाखान्यात न्यायचंय. त्याच दिवशी महिन्याचं टपाल जाणार. तुम्ही बघितलंत की मी निर्धास्त.”

मी स्क्रीनकडे पाहिलं. त्यांच्या फंक्शनच्या आत, प्रकरणं मोजणाऱ्या लूपमध्ये, माझा ‘मी’ बसला होता.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कामं घेतली, ठीक. कौतुक घेतलं, ठीक. आता ‘मी’ पण घ्या.

“तुम्ही लिहिलंय ना? मग बरोबरच असणार,” मी म्हटलं. “आमच्यासारख्यांनी काय बघायचं?”

“तसं नाही हो, दादा…”

“मला टपालाची यादी करायचीय.”

पुढची ओळही वाचली नाही. धाकट्यांनी पडदा लावून घेतला, कारण ऊन माझ्या स्क्रीनवर येत होतं. एवढं कशाला करायचं माणसाने?

२० मार्च, गुरुवार

टपाल गेलं. टपालाच्या ताई पेनड्राइव्ह लावत होत्या, यंत्र एकेक पुस्तक उतरवत होतं, ताई पाकिटात घालून पत्ता चिकटवत होत्या. दुपारी त्या दारात आल्या.

“भाऊ, पत्ते संपले. तरी हे पुढचा पेनड्राइव्ह मागतंय. थांबायचं नावच घेत नाही.”

“ज्यांनी लिहिलंय त्यांना विचारा.”

“ते आज नाहीत ना.”

“मग बंद करून टाका हाताने.”

ताईंनी बंद केलं. पाकिटं रवाना झाली. मनात म्हटलं, नव्या फंक्शनला कुठे थांबावं ते कळत नाही. उद्या बाईंच्या कानावर घालू. घरी येताना पावलं हलकी पडत होती.

२५ मार्च, मंगळवार

सकाळी पहिला फोन घड्याळजींचा. डोळे गेले तसं त्यांनी घड्याळांचं दुकान मुलाला दिलं. दर महिन्याला कादंबरी मागवतात.

“काय हो, मी कादंबरी मागितली होती. तुम्ही मधमाश्या पाठवल्यात.”

“मधमाश्या?”

“मधमाशीपालन. ऐकलं सगळं, टाकून कशाला द्यायचं? राणीमाशी जरा आमच्या सुनेसारखी वाटली. पण कादंबरीचं काय?”

मी दिलगिरी व्यक्त केली. फोन ठेवतो तोच दुसरा. मधमाश्या. तिसरा. मधमाश्या. एका आजींनी स्तोत्रं मागितली होती, त्यांनाही पोळं मिळालं. पहिल्या वाचकाला त्याचं पुस्तक बरोबर गेलं होतं. बाकी ज्याला त्याला मधमाशीपालन.

बाईंनी दोघांना बोलावलं. त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली.

“हसण्यावारी गेलं असतं,” त्या म्हणाल्या, “पण कायद्याच्या परीक्षेला बसणाऱ्या त्या मुलीलाही हेच गेलंय. तिचा पेपर परवा आहे. कुणाची चूक?”

धाकटे म्हणाले, “माझी. फंक्शन माझं आहे.”

“तुम्ही तपासलं होतं का?” हा प्रश्न बाईंनी माझ्याकडे बघून विचारला.

माझ्या आधी धाकटेच बोलले. “दादा यादीच्या गडबडीत होते, बाई. मीच नीट मागे लागलो नाही.”

बाहेर आल्यावर मी काही बोलेन म्हणून ते थांबले असावेत. मी पाणी प्यायला गेलो. परत आलो तर ते कायद्याचं पुस्तक पेनड्राइव्हवर घेऊन मुलीच्या घरी निघाले होते. मलाही ते सुचलं होतं. दर वेळी हा माणूस माझ्या अर्धं पाऊल पुढे.

२६ मार्च, बुधवार

खोलीत एकटा होतो. धाकट्यांचं फंक्शन उघडून आज पहिल्यांदा नीट वाचलं.

चूक दिसायला वेळ लागला नाही. शेलमध्ये फंक्शनला भिंती नसतात. आत वापरलेलं नाव ‘लोकल’, म्हणजे तिथल्यापुरतं, आहे असं आधी सांगितलं नाही, तर ते आत राहत नाही. बाहेर त्याच नावाची डबी असेल तर आतला लूप तीच डबी भरत जातो. बाहेर माझा ‘मी’, आत त्यांचा ‘मी’. डबी एकच. पहिल्या पुस्तकाची प्रकरणं अकरा होती. फंक्शन संपलं तेव्हा ‘मी’मध्ये अकरा. माझ्या लूपने इमानाने एक मिळवून बारा केले आणि थेट बारावी ओळ काढली. बारावी ओळ मधमाश्यांची. त्या पुस्तकाचीही प्रकरणं अकरा. पुन्हा बारा. पुन्हा मधमाश्या. हाताने बंद केलं नसतं तर जगबुडीपर्यंत मधमाश्या.

दोन ओळींची यादी देऊन एकदा चालवून बघितलं असतं तरी कळलं असतं. मला नजर घालायला सांगितलं होतं.

मग एक गोष्ट दिसली, तिथे माझी बोटं थांबली. फंक्शनच्या अगदी वरच्या ओळीत त्यांनी लोकल लिहिलं होतं. पण नाव होतं ‘आय’. खाली मात्र कुठेच ‘आय’ नाही, सगळीकडे ‘मी’. म्हणजे आधी त्यांनी आपल्या सवयीने ‘आय’च लिहिला होता, भिंत घालून, चोख. नंतर एकेक करून त्याचा ‘मी’ केला, आणि वरची ओळ बदलायची राहिली.

हे त्यांनी का केलं असेल? चालू काम मोडून दुसऱ्याचं नाव कशाला घालायचं? उद्या बिघडलं तर थोरल्याच्या ‘मी’वर खापर फोडता यावं म्हणून? पण काल तर खापर त्यांनी स्वतःच उचललं. मला काही उलगडा होईना.

घरी हिला विचारलं. नुसतं म्हटलं, “त्या माणसाचा काय हेतू होता कोण जाणे.”

ही डाळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “भावोजींनी मला विचारलं होतं. म्हणाले, ताई, दादांना माझं लिहिलेलं आपलंसं वाटावं असं वाटतंय. माझ्या सवयीचं अक्षर ठेवू की त्यांचं?”

“मग तू काय म्हणालीस?”

“म्हटलं, त्यांना ‘मी’च लागतो.”

मी देवापुढे जाऊन बसलो. हात जोडले, डोळे मिटले. संतमंडळी मीपणा सोडा म्हणून सांगून थकली, ते मी रोज ऐकतो आणि रोज मान डोलावतो.

२७ मार्च, गुरुवार

बाईंकडे गेलो. धाकटे नसताना गेलो हे मुद्दाम लिहितो, कारण त्यांच्या समोर माझ्या तोंडातून ते निघालं नसतं.

“बाई, मला त्यांनी तपासायला सांगितलं होतं. मी पाहिलं नाही. यंत्र थांबत नाही म्हणून ताई विचारायला आल्या, तेव्हाही मी उठलो नाही.”

“का?”

गडबड होती, असं म्हणता आलं असतं. ती सबब धाकट्यांनी माझ्यासाठी तयार करून ठेवलीच होती. तीच वापरायची म्हणजे त्यांचं आणखी एक काम घेतल्यासारखं झालं असतं.

“मला त्यांचा हेवा वाटतो,” मी म्हटलं.

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “हे इथे लिहून ठेवायला रकाना नाही हो,” त्या म्हणाल्या. “जा, नीट चालवा ते आधी.”

आपली जागा गेली, असं समजून बाहेर आलो. वाईट वाटलं. आणि धाकट्यांना मिळणार म्हणून त्याहून जास्त वाटलं. कबुली दिल्यावर मन स्वच्छ होतं असं ऐकलं होतं. माझं अर्धंच झालं.

दुपारी दोघांनी मिळून दुरुस्ती केली. मी म्हटलं, “वरच्या ओळीत ‘आय’ राहिलाय.” ते म्हणाले, “अरे हो!” आणि स्वतःच्या डोक्यात टपली मारली. मग विचारलं, “दादा, सगळीकडे परत ‘आय’ करू?”

“राहू द्या ‘मी’. फक्त वर लोकल करा त्याला.”

सगळ्या वाचकांना पुस्तकं पुन्हा गेली. कायद्याच्या मुलीचा फोन आला, पेपर बरा गेला. तिला धाकट्यांशीच बोलायचं होतं.

३१ मार्च, सोमवार

जागा मला मिळाली.

बाईंनी कागद पुढे सरकवला तेव्हा वाटलं, नाव चुकलंय. “त्यांनी शनिवारीच सांगितलं,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्या गावी काम मिळालंय त्यांना. आणि जाता जाता मला अर्धा तास व्याख्यान दिलं. या खोलीला कोण ओळखतं, कुठला वाचक काय ऐकतो हे कुणाला पाठ आहे, वगैरे.”

“म्हणजे ते नाही म्हणाले म्हणून मला?”

“तुम्ही गुरुवारी माझ्याकडे आलात ना? त्याच संध्याकाळी मी ठरवलं होतं.” त्यांनी कागदावर पेन ठेवलं. “आता तुम्हाला दोन्हीतलं काय खरं मानायचं ते माना.”

मी दोन्ही मानून बघितलं. दोन्हीत काहीतरी टोचतं. एकदा वाटतं पळून गेले. एकदा वाटतं जिंकून गेले. दवाखान्यातून मेहुणीची बातमी चांगली आहे, घरात पाळणा हलणार. अशा वेळी बिऱ्हाड हलवायचं म्हणजे काही सोपं नाही. हे हिने मला दोनदा ऐकवलं.

९ एप्रिल, बुधवार

कायम माणसाला खोली तीच मिळते. शेजारची खुर्ची रिकामी आहे. ताईंनी तिच्यावर पाकिटांचे गठ्ठे ठेवायला सुरुवात केली होती. मी खाली ठेवायला सांगितले.

“कुणी येणार आहे का?” ताईंनी विचारलं.

“नाही. गठ्ठे घसरतात.”

संध्याकाळी धाकट्यांचा फोन आला. आधी ही बोलली, मग मेहुणीशी बोलली, मग पुन्हा धाकट्यांशी बोलली. मी पेपर वाचत होतो. पान उलटायचं राहून गेलं. शेवटी फोन माझ्याकडे आला.

“कसं चाललंय, दादा?”

“चाललंय. तुमचं?”

“मजेत. इथे एक काका आहेत, दादा. तुमच्याच वयाचे. कुणाकडून शिकले नाहीत, सगळं स्वतःच्या हिमतीवर. व्हेरिएबलना फुलांची नावं देतात! रोज त्यांच्याशेजारी बसतो. इतकं शिकायला मिळतं ना!”

“हो का.”

“तुम्हाला आवडतील ते.”

“लूप नीट लिहितात का?”

“फार सुंदर लिहितात.”

मी बरं म्हटलं आणि फोन हिच्याकडे दिला. फुलांची नावं! व्हेरिएबलला फूल म्हणण्यात काय अर्थ आहे? फेरा मोजायच्या डबीला मोगरा म्हटलं की ती जास्त चांगलं मोजते की काय? आणि शेजारी बसायला इतकी घाई कशाला? माणूस नव्या ठिकाणी आधी चार दिवस लांबून बघतो.

देवापुढे बसलो, तर डोळ्यांसमोर तो न पाहिलेला काकाच. चष्मा लावलेला, अंगापिंडाने ठीक, चेहऱ्यावर शहाणपण. नाव घ्यावं म्हटलं, तर गुलाब, शेवंती, झेंडू.

उठलो. हिला म्हटलं, “रविवारी जाऊन येऊ त्यांच्याकडे. तुला बहिणीची आठवण येत असेल.”

ही फोन ठेवून माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, “मला?”